'तलाश'मधला सुर्जनसिंग रात्री झोपत का नाही? दुःख नाकारणं म्हणजे नेमकं काय, ते समजून घेऊया

'तलाश' आठवतोय ना, आमिर खान, राणी मुखर्जी, करीना कपूर, 30 नोव्हेंबर 2012 ला आलेला. दिग्दर्शन रीमा कागतीचं, पटकथा तिची आणि झोया अख्तरची. पिक्चर चालला चांगला, पण बघून आलेल्या बऱ्याच लोकांची एकच तक्रार होती की दोन तास पोलीस तपास दाखवला आणि शेवटी काय तर भूत, म्हणजे आम्हाला फसवलंच की. त्या तक्रारीतच तो पिक्चर अडकून बसला, आमिरच्या मोठमोठ्या हिट पिक्चरांच्या गर्दीत आज त्याचं नावसुद्धा कोणी पटकन घेत नाही. मला मात्र मनापासून वाटतं की माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांच्या डोक्यात काय चालतं हे इतक्या नीट दाखवणारे हिंदी पिक्चर फार कमी आहेत, आणि ते भूत त्यातून काढलं तर अर्धी गोष्टच निघून जाते. पुढे सगळी स्टोरी फुटणार आहे, बघायचा राहिला असेल तर आधी बघून या.

स्टोरी थोडक्यात. मुंबईत रात्री समुद्राकाठच्या रस्त्यावर एक गाडी अचानक वळते आणि सरळ पाण्यात जाते, आत असतो फिल्मस्टार अरमान कपूर. तपास येतो इन्स्पेक्टर सुर्जनसिंग शेखावतकडे. हा सुर्जन म्हणजे आमिर, आणि त्याचा स्वतःचा मुलगा करण काही काळापूर्वी पिकनिकला गेलेले असताना तलावात बुडून गेलाय. बायको रोशनी (राणी) घरात कोसळलेली आहे आणि हा रात्र-रात्र गाडी घेऊन फिरतोय, झोप नाही. त्या फिरण्यात त्याला रोझी (करीना) भेटते, देहविक्री करणारी बाई, ती त्याला केसमधल्या गोष्टी सांगते, आणि शेवटी कळतं की ती कधीच मेलेली आहे आणि इतके दिवस तो एका भुताशी बोलत होता.

आता मुद्द्याचं. दुःख नाकारणं म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, तर कोणीतरी ओरडतंय की नाही नाही, तो गेलाच नाही, तुम्ही खोटं बोलताय. असं होतं पण, विशेषतः पहिल्या काही तासांत, फोन आल्यावर माणूस सांगणाऱ्यालाच उलट विचारतो की तुम्ही नीट बघितलंत का, दुसरा कोणी असेल. पण बहुतेक वेळा नाकारणं इतकं उघड नसतं. माणसाला सगळं माहीत असतं, त्यानेच बॉडी ताब्यात घेतलेली असते, त्यानेच महानगरपालिकेत जाऊन मृत्यूचा दाखला आणलेला असतो, रेशनकार्डातून नाव कमी केलेलं असतं, आणि तरीही आत कुठेतरी ते मान्य झालेलं नसतं. माहीत असणं आणि मान्य असणं या दोन गोष्टी एकाच डोक्यात एकाच वेळी वेगवेगळ्या चालू राहू शकतात. मन स्वतःला वाचवायला अशा काय काय युक्त्या करतं याची पद्धतशीर मांडणी मानसविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइडने 1936 च्या पुस्तकात केली आणि नाकारणं त्यातलीच एक.

मग ते पाच टप्पे तुम्ही ऐकले असतीलच. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, ऑफिसच्या ट्रेनिंगमध्येसुद्धा दाखवतात. हे एलिझाबेथ क्यूबलर-रॉस नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी 1969 साली मांडले. पण एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही की त्यांनी हे मांडलं ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, म्हणजे ज्याला कळलंय की आपण आता जाणार त्याचं मन कसं चालतं ते. मागे राहिलेल्या नातेवाइकांना ते टप्पे नंतर लावले गेले. त्यामुळे होतं काय की लोक हिशोब करत बसतात, सहा महिने झाले, आता राग संपायला हवा, अजून स्वीकार कसा नाही आला. असं लाइनीत काही नसतं हो. एखादी बाई तेराव्याला सगळ्यांना हसून चहा देते आणि पुढच्या वर्षी डीमार्टमध्ये नवऱ्याच्या आवडीचं लोणचं दिसलं म्हणून तिथेच ट्रॉली धरून रडते, यात उलटं-सुलटं काही नाहीये.

नाकारणं येतं कुठून? याचा एक भाग अगदी साधा आहे, सवयीचा. रोज संध्याकाळी लिफ्टचा दरवाजा वाजला की बाबा आले, असं वर्षानुवर्षं झालेलं असतं, मेंदूने ते पक्कं शिकून ठेवलेलं असतं. आता बाबा नाहीत पण लिफ्ट तर वाजतेच, आणि मान आपोआप दाराकडे वळते. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली सपाट जमीन लागावी तसं होतं, तो एक धक्का दिवसातून कितीतरी वेळा. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या मेरी-फ्रान्सिस ओ'कॉनर यांनी शोक करणाऱ्या मेंदूवर बरंच काम केलंय, त्यांचं म्हणणं असं की शोक हा शिकण्याचाच प्रकार आहे, जुना नकाशा पुसून नवीन काढायला मेंदूला वेळ लागतो. त्यामुळे 'अजून तिला खरंच वाटत नाहीये' असं आपण कुणाबद्दल बोलतो तेव्हा ती हट्ट करतेय असं नसतं, तिच्या मेंदूचं ते शिकून व्हायचं असतं.

पण सुर्जनचं नाकारणं वेगळं आहे आणि इथेच पिक्चर ग्रेट आहे. तो एकदाही म्हणत नाही की करण जिवंत आहे. तो काय करतो, तर तो तलावाचा दिवस डोक्यात परत परत लावतो. पोरं बोटीकडे निघालीयेत. या वेळी मी लक्ष दिलं. या वेळी मी त्यांना थांबवलं, या वेळी मी सोबत गेलो. पिक्चर हे नुसतं बोलून दाखवत नाही, तो दिवस खरंच वेगळा घडताना दाखवतो, पोरगा हसत परत येतोय, सगळं छान, आणि मग कट, हा गाडीत एकटा बसलेला, बाहेर मुंबईची रात्र, के. यू. मोहनन यांनी काय शूट केलीय ती. ठाण्यात राहणाऱ्या माणसाला तर हे फार लागतं. आपल्याकडे तलावपाळीवर रविवारी संध्याकाळी बोटिंगला लाइन असते, पोरं मागे लागलेली असतात, बाबा कठड्यावर बसून फोन बघत 'जा तुम्ही, मी आहे इथे' म्हणतो. हे इतकं रोजचं वाक्य आहे. सुर्जनने पण जवळपास एवढंच केलं होतं.

तर हे 'असं केलं असतं तर' वालं जे चक्र आहे ते वरून अपराधी वाटणं दिसतं, पण नीट बघितलं तर ते नाकारणंच आहे. कारण जोपर्यंत तुम्ही तो दिवस डोक्यात बदलताय तोपर्यंत तो दिवस संपलेला नाहीये, अजून त्यात काहीतरी करता येण्यासारखं आहे. फाइल बंद झालेली नाही. सुर्जन पोलीस आहे, त्याला फाइल उघडी ठेवायची सवयच आहे. आणि अजून एक भानगड म्हणजे स्वतःला दोष देण्यात एक विचित्र आधार असतो. माझी चूक होती असं म्हटलं की निदान जगाला काही नियम आहेत असं वाटतं, मी नीट वागलो असतो तर पोरगा वाचला असता. याच्या उलट जे आहे ते जास्त भयंकर आहे, की कोणाचीच चूक नव्हती, पाणी होतं, बोट होती, पोरं होती, झालं. रॉनी जॅनॉफ-बुलमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1979 मध्ये असंच काहीसं मांडलं होतं, की माणूस आपल्या एखाद्या कृतीला दोष देतो तेव्हा त्यात पुढच्या वेळी मला हे टाळता येईल ही भावना लपलेली असते. सुर्जनच्या बाबतीत पुढची वेळच नाहीये, म्हणून ते चक्र थांबतच नाही.

म्हणून आपण अशा माणसाला 'अरे तुझी काही चूक नव्हती' असं कितीही सांगितलं तरी ते आत जात नाही. त्याला ते ऐकायचंच नसतं, कारण ते मान्य केलं की पोरगा खरंच गेला.

रोशनीचं बघा आता. ती रडते, डॉक्टरकडे जाते, बोलायचा प्रयत्न करते. हा बोलतच नाही, ड्युटी एके ड्युटी. एकाच घरात एकाच पोरासाठी दोन माणसं दोन वेगळ्या भाषेत शोक करतायत आणि दोघांना वाटतं की समोरच्याला काही पडलेलीच नाही. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या दोघांनी 1999 मध्ये यावर एक छान समजूत मांडली, की शोकातला माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करत असतो, एक बाजू म्हणजे गेलेल्या माणसाची आठवण, रडणं, त्याचे कपडे उघडून बसणं, आणि दुसरी म्हणजे लाइट बिल, पोरांची फी, नवीन घर, ऑफिस. दोन्ही लागतं, आणि एका दिवसात सुद्धा इकडून तिकडे दहा वेळा होतं. जो माणूस मधेच क्रिकेटची मॅच बघून ओरडला तो निर्दयी झाला असं नाही, तो थोडा वेळ दुसऱ्या बाजूला गेलाय, श्वास घ्यायला. बिघडतं कधी, तर ही ये-जा थांबते तेव्हा. सुर्जन कामाच्या बाजूला आहे असं वाटतं पण तोही फसवा प्रकार आहे, तो कामात गेलेला नाही, तो पोरापासून पळून कामात लपलाय, आणि रात्री एकटा पडला की ते चक्र चालू.

आपल्याकडच्या पुरुषांबद्दल तर हे फारच खरं आहे. घरात कोणी गेलं की त्याला लगेच कामं लावतात, अ‍ॅम्ब्युलन्स बघ, भटजींना फोन कर, मंडपवाल्याला सांग, आणि नातेवाईक कौतुकाने म्हणतात की काय खंबीर राहिला हो पोरगा. त्याला रडायला कोणी वेळच देत नाही आणि नंतर त्याला स्वतःलाच तो वेळ नकोसा होतो.

आता रोझी. ती त्याला का दिसते? पिक्चरच्या गोष्टीप्रमाणे ती खरंच भूत आहे आणि तिला तिचा हिशोब चुकता करायचाय, तिला मरायला सोडून गेलेले लोक मोकळे फिरतायत. ते आहेच. पण दुःखाच्या बाजूने बघितलं तर ती अशी व्यक्ती आहे जी मेलीये, आणि हे न कळता तो रोज रात्री तिच्याशी बोलतोय. त्याला गेलेल्या माणसासोबत बसायची इतकी गरज आहे, फक्त ज्याच्यासोबत बसायला हवं त्या पोराकडे बघायची हिंमत नाही. घरी रोशनी शेजारच्या फ्रेनीकडून, म्हणजे मेलेल्यांशी बोलता येतं म्हणणाऱ्या बाईकडून, करणशी बोलायला लागते तेव्हा हाच माणूस केवढा भडकतो. मेलेल्यांशी बोलतेस, वेडी झालीस का. आणि हा स्वतः रोज तेच करतोय, त्याला ठाऊक नाही एवढाच फरक. थिएटरमध्ये लोकांना जिथे फसवल्यासारखं वाटलं तिथेच माझ्या मते सगळ्यात विचारपूर्वक लिहिलेली गोष्ट आहे, कारण आपण सुद्धा पूर्ण पिक्चरभर सुर्जनच्या बाजूने होतो, आपल्याला पण रोशनीच भोळी वाटत होती.

आणि गेलेलं माणूस दिसणं, हाक ऐकू येणं, याला घाबरून जायचं कारण नाही. 1971 मध्ये ड्युई रीस नावाच्या वेल्समधल्या डॉक्टरांनी 293 विधवा आणि विधुर लोकांशी बोलून एक अभ्यास छापला होता, त्यातल्या जवळपास निम्म्यांना गेलेला जोडीदार आसपास असल्याचा काही ना काही अनुभव आलेला होता, आणि त्यातल्या बहुतेकांनी ते कोणाला सांगितलंच नव्हतं. लोक काय म्हणतील, हेच.

आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत नौपाड्यात, त्यांचा मुलगा ऐन तरुणपणी गेला. त्या अजूनही त्याच्या मोबाइल नंबरला रिचार्ज मारतात. नंबर बंद झाला तर कंपनी तो दुसऱ्या कोणाला देईल आणि मग त्या नंबरवर कोणा परक्याचा डीपी दिसेल, ते त्यांना नकोय. फोन ड्रॉवरमध्ये असतो, चार्ज करून ठेवलेला. लोक म्हणतात सोडून द्या आता, पुढे जा. पण त्या पुढे गेलेल्याच आहेत हो, भिशी करतात, नातीला क्लासला सोडतात, सकाळी कचराळी तलावावर चालायला जातात, मुलाबद्दल बोलतात तेव्हा 'होता' म्हणतात. हे नाकारणं नाहीये. गेलेल्या माणसाशी नातं तोडलं म्हणजेच बरं झालो असं आधी बरेच जण धरून चालायचे, सिग्मंड फ्रॉइडच्या 1917 च्या लेखाचा असा अर्थ बराच काळ लावला गेला, पण 1996 मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांचं पुस्तक आलं त्यात त्यांनी दाखवलं की बहुतेक लोक नातं तोडत नाहीत, त्याचा आकार बदलतात. माझी स्वतःची फूटपट्टी साधी आहे: त्या वस्तूमुळे किंवा त्या सवयीमुळे आजचं जगणं अडतंय का? काकूंचं अडत नाहीये. सुर्जनचं सगळंच अडलंय, झोप, बायको, घर.

मग डॉक्टरकडे कधी जायचं? दुःख हा आजार नाही हे आधी नीट डोक्यात असू दे. पण काही लोकांचं ते अडकून बसतं, आणि त्याला आता वेगळं निदान आहे, लांबलेला शोक म्हणूया. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, जी 2022 पासून लागू झाली, त्यात कमीत कमी सहा महिने असं धरलंय, आणि अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच वर्षी मोठ्या माणसांसाठी एक वर्ष धरलं. नुसता काळ बघायचा नाही, रोजच्या रोज तीच तीव्र ओढ, आपला एक भागच मेलाय असं वाटणं, मृत्यूची आठवण करून देणारं सगळं टाळणं, काम-नाती बंद पडणं, आणि हे त्या त्या समाजाच्या रीतीपेक्षा जास्त असणं, असं सगळं मिळून बघतात. आपल्याकडे वर्षश्राद्धापर्यंत घरात सण करत नाहीत, ती रीत आहे, तिला कोणी आजार म्हणणार नाही.

ठाणेकरांची एक वेगळी अडचण आहे. 1901 सालचं मनोरुग्णालय आपल्या शहरात, आणि अख्ख्या महाराष्ट्रात 'याला ठाण्याला भरती करा' हे वाक्य इतकं रुळलंय की इथल्या माणसाला मनासाठी डॉक्टरकडे जातोय हे तोंडातून काढायलाच जड जातं. आज त्याच हॉस्पिटलच्या जागेवर ठाणे-मुलुंडच्या मधलं नवीन स्टेशन होणार म्हणून रोज चर्चा असते, पण ते वाक्य काही जात नाही. खरं म्हणजे डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था 1990 पासून याच शहरात काम करतेय, शोकासाठी समुपदेशन ही तिथे काही जगावेगळी गोष्ट नाही. आणि कुठे जायचंच नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, मराठीत बोलता येतं. कोणाला जीव नकोसा वाटतोय असं बोलण्यातून जाणवलं तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी कोणाला तरी दाखवा आणि त्याला एकटं सोडू नका.

पिक्चरबद्दल एक तक्रार माझी पण आहे, आणि ती भुताची नाही. रोशनीला डॉक्टरकडून काहीच मिळत नाही आणि फ्रेनीकडून सगळं मिळतं, हे मला पटत नाही. पिक्चरमध्ये फ्रेनी खरी निघते म्हणून ठीक. बाहेर दुसऱ्याच्या घरात मयत झाली की वास काढत येणारे लोक असतात, तुमच्या मुलाला गती मिळाली नाही, अमुक विधी करा, इतके हजार द्या. शोकातल्या आईला 'तो तुझ्याशी बोलतोय' असं सांगणं ही जगातली सगळ्यात सोपी फसवणूक आहे.

आणि तरीही शेवट मला पूर्ण पटतो. सुर्जनची गाडीही समुद्रात जाते, रोझी त्याला वाचवते, मग तो नदीकाठी तिने आधी नेलेल्या जागी जाऊन जमीन खणतो, सांगाडा सापडतो, तिला अग्नी देतो. ज्याने स्वतःच्या पोराचं मरण मान्य केलं नाही तो एका परक्या बाईचं मरण पूर्ण करतो, हाताने. आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की लोक कसे हात जोडून एकेक कबूल करत जातात, धाकटीचं लग्न मी लावीन, आईला मी सांभाळीन, काही काळजी करू नकोस. कावळ्याचं काय असेल ते असो, पण तिथे पहिल्यांदा घरातला माणूस मोठ्याने, चारचौघांत, गेलेल्याशी गेलेला म्हणून बोलतो. सुर्जनचं तेच राहिलं होतं. त्यानंतरच तो फ्रेनीच्या हातून आलेलं करणचं पत्र वाचतो, पप्पा तुमची चूक नव्हती अशा अर्थाचं, आणि पूर्ण पिक्चरभर दाबून धरलेला हा माणूस एकदाचा रडतो. हेच वाक्य त्याला कोणीही आधी सांगितलं असतं तर त्याने ऐकलं नसतं.

परत बघणार असाल तर रोझीच्या सीनमध्ये बाकीच्यांकडे बघा, तिच्याशी दुसरं कोणीही बोलत नाही, एकदा कळलं की प्रत्येक सीन वेगळा दिसतो. राम संपत यांचं संगीत हेडफोनवर ऐका. नवाजुद्दीनचा तैमूर या सगळ्या दुःखापासून लांब, स्वतःच्या वेगळ्याच हावेत पळत असतो, त्याच्यासाठी तर वेगळा लेख लिहावा लागेल. फक्त ज्यांच्या घरात नुकतंच कोणी गेलंय, आणि त्यातही लहान मूल, त्यांच्यासमोर हा पिक्चर आत्ता लावू नका. तलावाचा सीन एकदा येऊन जात नाही, परत परत येतो.